शार्त्रचं फुटक्या बशांचं घर: किती वेळ द्यावा आणि कसं पाहावं

प्रश्न थोडक्यात असा: सप्टेंबरात पॅरिसला आठ दिवस मुक्काम आहे, त्यातला एक दिवस शार्त्रच्या कॅथेड्रलसाठी राखून ठेवलाय. त्याच गावात एका माणसाने फुटक्या कपबशांच्या तुकड्यांनी आपलं अख्खं घर आणि बाग मढवून ठेवलीय, ‘मेझों पिकासिएत’ म्हणतात त्याला. त्यासाठी वेगळा वेळ काढावा का, की ‘एका वेड्या माणसाचं घर’ म्हणून फोटो पाहिले तेवढे पुरे? गेलोच तर तिथे बघायचं काय? सोबत गुडघेदुखीवाल्या सासूबाई आणि दहा वर्षांची मुलगी आहे.

जा. सकाळ कॅथेड्रलला द्या आणि दुपार या घराला. घरात किमान दीड तास काढायचा हे आधीच ठरवून जा, कारण घर लहान आहे आणि ठरवलं नसेल तर वीस-पंचवीस मिनिटांत माणूस बाहेर पडतो. माझं पहिल्या वेळी नेमकं तेच झालं होतं. मी गेली बावीस वर्षं मोझॅकचं काम करते. सुरुवात गच्चीवरच्या चायना मोझॅकपासून झाली, मग भित्तिचित्रं करू लागले, आणि आता निम्मा वेळ जुन्या कामांच्या डागडुजीत जातो. एवढं असूनही पहिल्या फेरीत मी फक्त चित्रं पाहिली. हे फूल, हे फुलपाखरू, ही बाई, हे चर्च, असं करत फोटो काढले आणि परतले. रात्री फोटो पाहताना कळलं की काम पाहायचं राहूनच गेलं. नंतर दोनदा गेले. त्या दोन फेऱ्यांत जे शिकले तेच सांगते: हे घर ज्या क्रमाने घडलं त्या क्रमाने पाहा, आणि चित्राकडे बघण्याआधी दोन तुकड्यांमधल्या सांध्याकडे बघा.

आधी माणूस. रेमों इझिदोर, जन्म शार्त्रमध्येच, 1900 साली. गरीब घरातला. आद्रिएन नावाच्या, वयाने आपल्याहून बऱ्याच मोठ्या, मुलं असलेल्या विधवेशी त्याने 1924 मध्ये लग्न केलं. 1929 मध्ये गावाबाहेरच्या बाजूला, कब्रस्तानाजवळ जमिनीचा तुकडा घेतला आणि स्वतःच्या हातांनी घर बांधलं. एकामागोमाग एक तीन खोल्या, बस्स. पुढे त्याच सें-शेरों कब्रस्तानात तो झाडलोटीच्या नोकरीला लागला. घराच्या गल्लीचं नावही ‘र्यू द्यु रपो’, म्हणजे विसाव्याची गल्ली. 1938 च्या सुमारास त्याने तुकडे लावायला सुरुवात केली. 1964 मध्ये तो वारला, तोवर घर, अंगणं, बाग, भिंती, जमीन, फर्निचर, कुंड्या, काही म्हणता काही त्याच्या हातून सुटलं नव्हतं.

सुरुवात कशी झाली हे त्याने स्वतः सांगून ठेवलंय. घर बांधून झाल्यावर तो शेतांतून फिरत असे. तिथे त्याला काचेचे, चिनीमातीचे तुकडे दिसले. काही हेतू नव्हता, रंग आणि चमक आवडली म्हणून उचलले. त्यातले चांगले निवडले, वाईट टाकून दिले, बागेच्या कोपऱ्यात ढीग केला, आणि मग त्या ढिगाकडे बघता बघता कल्पना सुचली. या सांगण्यातला माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा भाग निवडण्याचा आहे. कारण मोझॅक करणारा प्रत्येक जण हेच करतो. आमच्याकडे कामाच्या दिवसाचा निम्मा वेळ निवडण्यात जातो: रंगाने निवडा, जाडीने निवडा, सपाट वेगळे, वाकडे वेगळे. ज्याच्याजवळ ढीग नाही आणि ढिगातून निवडायचा धीर नाही, त्याच्या हातून मोझॅक होत नाही. इझिदोरने चित्र ठरवून त्याला लागणारे तुकडे आणले नाहीत. तुकडे आधी आले, चित्रं त्यातून निघाली. हे डोक्यात ठेवून घरात पाऊल टाकलंत की पुष्कळ गोष्टी आपोआप उलगडतात.

‘पिकासिएत’ हे नाव लोकांनी ठेवलेलं. फ्रेंचमध्ये ‘पिक-आसिएत’ म्हणजे दुसऱ्याच्या ताटातलं खाणारा, आयतोबा. त्यात बशीला ‘आसिएत’ म्हणतात आणि वर पिकासोचा उच्चार मिसळतो, म्हणजे बशांचा पिकासो. आधी ती टिंगल होती. कचऱ्यातून, उकिरड्यांतून, शेतांच्या कडेने फुटकी भांडी गोळा करत फिरणारा माणूस शेजारपाजाऱ्यांना वेडाच वाटला असणार. आज जगभरचे मोझॅकवाले फुटक्या भांड्यांच्या या पद्धतीलाच ‘पिक-आसिएत’ म्हणतात. टिंगलीचं नाव एका कलेचं नाव होऊन बसलंय.

म्हणून तुमच्या प्रश्नातल्या ‘वेड्या माणसाचं घर’ या शब्दांशी मी सहमत नाही. त्याच्या आयुष्याची अखेर हलाखीची झाली, मन थकलं होतं, हे खरं. पण भिंतीवरचं काम थकलेल्या मनाचं नाही. या कामामागे सुमारे 29,000 तास, 40 लाख तुकडे आणि 15 टन फुटकी भांडी आहेत असे आकडे सांगितले जातात. ढोबळ आकडे आहेत, पण मी ते एकदा कागदावर मांडून पाहिले. 15 टनांना 40 लाखांनी भागलं तर एक तुकडा पावणेचार ग्रॅमचा येतो. जेवणाच्या साध्या ताटलीचा दोन सेंटीमीटर बाजूचा तुकडा तराजूवर साधारण तेवढाच भरतो, आणि तिथल्या भिंतींवर तुकड्यांचा आकार खरोखरच त्याच्या आसपास दिसतो. 29,000 तास सव्वीस वर्षांत वाटले तर रोजचे तीन तास होतात, एकही सुट्टी न घेता, दिवसभराची नोकरी सांभाळून. आमच्याकडचा सरावलेला हात तासाला साठ-सत्तर तुकडे बसवतो. या हिशेबाने त्याचा वेग त्याच्या दुप्पट निघतो. आकड्यांत थोडीफार अतिशयोक्ती धरली तरी हात किती तयार असेल याचा अंदाज येतो. लहर म्हणून कुणी सव्वीस वर्षं रोज गुडघे टेकून सिमेंट लावत नाही.

आता दिवसाची आखणी. पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनवरून शार्त्रला प्रादेशिक गाडी जाते, तास-सव्वा तास लागतो. गाव जवळ येताना बोसच्या सपाट गव्हाच्या शेतांपलीकडे कॅथेड्रलचे दोन मनोरे दिसू लागतात. मुलीला ते नीट पाहायला सांगा: दोघांची उंची आणि घडण सारखी नाही. दक्षिणेचा साधा, जुना, थोडा बुटका. उत्तरेचा उंच आणि नक्षीदार, कारण तो नंतरच्या शतकांत चढवला. ही जोडगोळी दुपारी कामाला येणार आहे.

कॅथेड्रल आधी पाहायचं ते याचसाठी. इझिदोर त्याच्या सावलीत वाढला. तिथल्या रंगीत काचा बहुतांश 13 व्या शतकाच्या पूर्वार्धातल्या, पश्चिमेच्या मुख्य दारावरच्या तीन उंच खिडक्या त्याच्याही आधीच्या, 12 व्या शतकातल्या. शार्त्रचा निळा म्हणून जो रंग प्रसिद्ध आहे तो या काचांमधला. आत शिरल्यावर पाच-दहा मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्या, मग निळा खुलतो. आणि एका खिडकीपाशी थांबून काचेच्या तुकड्यांभोवतीच्या काळ्या रेघा बघा. त्या शिशाच्या पट्ट्या आहेत, तुकड्याला तुकडा जोडणाऱ्या. लांबून त्या रेघाच चेहऱ्याला, कपड्याच्या चुण्यांना आकार देतात. मोझॅकमध्ये तेच काम सिमेंटचा सांधा करतो. दुपारी घरात गेल्यावर मी सांधे बघायला का सांगते ते इथेच अर्धं कळलेलं असेल. वर्तुळाकार गुलाब-खिडक्याही नीट पाहून ठेवा. ते वर्तुळ, मध्यातून फुटणाऱ्या पाकळ्या, पाकळ्यांच्या टोकाला पुन्हा लहान वर्तुळं, हे सगळं तुम्हाला पुन्हा भेटणार आहे. जमिनीवरचा मध्ययुगीन चक्रव्यूह पाहायचा असेल तर शुक्रवार निवडा, एरवी त्यावर खुर्च्या मांडलेल्या असतात.

कॅथेड्रलपासून घर दोनेक किलोमीटरवर आहे. उतरून जुन्या वस्तीतून नदीकाठाने, पूल ओलांडून पलीकडे चढायचं. रस्ता सुरेख आहे, पण उतार आणि चढ दोन्ही आहेत, शिवाय दगडी फरसबंदी. सासूबाईंना चालवू नका. त्यांच्यासाठी बस किंवा टॅक्सी घ्या, आणि परतीचीही सोय तेव्हाच बघून ठेवा. घर मंगळवारी बंद असतं, हिवाळ्यातही बंद असतं, आणि दुपारच्या जेवणाच्या वेळेला मध्ये दार लावण्याची पद्धत आहे. नेमक्या तारखा आणि वेळा वर्षागणिक हलतात, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी शार्त्र नगरपालिकेच्या संकेतस्थळावर बघून घ्या. घर नगरपालिकेच्या मालकीचं आहे, आणि 1983 पासून ते फ्रान्सच्या संरक्षित ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत आहे. सप्टेंबर असल्यामुळे तुमची अडचण होऊ नये.

गल्ली अगदी साधी आहे. दोन्ही बाजूंना बैठी घरं, कुंपणं, मध्येच एखादं झाड. घर रस्त्यावरून जवळपास दिसतच नाही. फाटक ओलांडून दोन पावलं टाकली की एकदम सगळीकडून रंग अंगावर येतात. इथे माणसं थबकतात आणि मोबाईल बाहेर काढतात. काढू द्या. तुम्ही मात्र अंगणात न रेंगाळता सरळ आत, स्वयंपाकघराकडे जा, कारण काम आतून बाहेर वाढत गेलं. आधी राहती खोली, मग घराच्या बाहेरच्या भिंती आणि अंगणं, मग प्रार्थनेची खोली, आणि शेवटी बाग. उलटं पाहिलंत तर आधी त्याच्या हाताची शेवटची, मुरलेली कारागिरी दिसते आणि मग सुरुवातीचं काम कच्चं वाटतं.

स्वयंपाकघरात लोखंडी चूल आहे. तिच्यासमोर निदान दहा मिनिटं उभ्या राहा. भिंतीवर तुकडे लावणं एक वेळ ठीक, भिंत हलत नाही. चूल हे तापणारं, निवणारं लोखंड. लोखंड आणि सिमेंट तापल्यावर जवळपास सारखेच फुगतात, म्हणून तर आपलं आरसीसी उभं राहतं. पण चिनीमाती त्या दोघांहून कमी फुगते. हा फरक कुठेतरी जिरावा लागतो, नाहीतर तुकडा उडतो. तो जिरतो सांध्यात. लहान तुकडे, भरपूर सांधे, म्हणजे प्रत्येक सांध्याच्या वाट्याला येणारा ताण कमी. चुलीच्या गोलाईवर, कडांवर तुकडे किती लहान केलेत ते पाहा आणि सपाट भागाशी ताडून पाहा. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. काही तुकडे सुटले असतील, परत लावले असतील, आणि हाताला कळत गेलं असेल. आमच्याकडे नव्या मुलाला हे समजायला वर्ष लागतं.

घरात आद्रिएनचं शिवणयंत्र आहे. तेही मढवलंय. मी तिथे उभी राहिले की मला नेहमी त्या बाईचा विचार येतो. जेवायचं टेबल, खुर्ची, चूल, शिवायचं मशीन, एकेक करून घरातली प्रत्येक वस्तू जड, खडबडीत आणि रंगीत होत गेली, आणि तिने त्या घरात संसार केला. खुर्चीला हात लावून पाहता येत नाही, पण डोळ्यांनी सुद्धा कळतं की तुकड्यांच्या कडा वर आलेल्या नाहीत. बसायच्या, टेकायच्या जागी त्याने धार बोथट केलेली आहे किंवा गुळगुळीत बाजू वर घेतली आहे. घरातल्या माणसाला खरचटू नये याची काळजी घेतलेलं काम वेगळं ओळखू येतं. नुसत्या शोभेच्या मोझॅकमध्ये ही काळजी दिसत नाही.

आतल्या खोल्यांत भिंतींवर दृश्यं आहेत. समुद्रातल्या मों-सें-मिशेलसारखी ठिकाणं, कॅथेड्रल, फुलं. इथे मुलीला काम द्या: शार्त्रचं कॅथेड्रल घरात आणि बागेत मिळून किती वेळा सापडतं ते मोजायचं. ओळखायची खूण तिला सकाळीच गाडीतून मिळाली आहे, एक मनोरा उंच आणि दुसरा बुटका. माझ्या ओळखीच्या एका मुलीने हा खेळ असा लावून धरला की तिच्या आईवडिलांना बंद व्हायच्या वेळेपर्यंत थांबावं लागलं.

आता सांध्यांची गोष्ट, कारण ही डोळ्याला सवय लागली की पुढचं घर दुपटीने दिसतं. फुटक्या बशीचे तुकडे सारखे नसतात. बशीच्या तळाचा तुकडा सपाट असतो, कडेचा तुकडा वाकलेला, कपाचा तुकडा त्याहून वाकलेला. टाइलचा मोझॅक करणाऱ्याला ही डोकेदुखी नाही. भांड्याचा मोझॅक करणाऱ्यापुढे रोज प्रश्न असतो की या वाकड्या तुकड्याचं काय करू. एक मार्ग म्हणजे तो इतका लहान फोडायचा की वाक नाहीसा व्हावा. दुसरा मार्ग, जो मला जास्त आवडतो, म्हणजे त्या वाकाचाच उपयोग करायचा. बशीच्या कडेला मुळातच एक गोलाई असते आणि बहुधा एक रंगीत किंवा सोनेरी रेघ असते. असे कडेचे तुकडे ओळीने ठेवले की पाकळीची कड आपोआप मिळते, रेघ आखायला लागत नाही. एखादी फुलाची वर्तुळाकार नक्षी निवडा, तिच्या अगदी जवळ जा आणि पाकळ्यांच्या बाहेरच्या रेघेत अशा कडा शोधा. मग मध्याकडे या. बशीवर छापलेलं गुलाबाचं फूल तसंच्या तसं राखून, त्याच्याभोवती आणखी मोठं फूल बांधलेलं दिसेल. एका अनोळखी घरातल्या जेवणाच्या सेटवरचं ते फूल.

सांध्याची रुंदीही बघा. सुरुवातीच्या कामात सांधे जाड आणि तुकडे विखुरलेले, म्हणजे सिमेंट जमीन आणि तुकडे त्यावरचे ठिपके. पुढे पुढे तुकडे जवळ येतात, दिशेने लागू लागतात, ओळी वळणं घेतात. मोझॅकमध्ये तुकड्यांच्या ओळी कुठल्या बाजूला वाहतात यावर सगळा जीव असतो. रोमन मोझॅकपासून हे चालत आलंय, आणि इझिदोरच्या हाताने ते स्वतःच्या वाटेने शोधून काढलं.

स्वयंपाकघर आणि खोल्या झाल्या की अंगणात या. आता अंगण वेगळं दिसेल. मग प्रार्थनेची छोटी खोली आणि काळं अंगण. काळ्या अंगणात रंग आटोक्यात आलेत. आजूबाजूच्या झगमगाटातून इथे आलं की आवाज बंद झाल्यासारखं वाटतं. दिवसभर कब्रस्तान झाडून घरी येणाऱ्या माणसाने हे केलंय, याची आठवण ठेवून इथे पाच मिनिटं उभ्या राहा. काळे तुकडे कमी मिळतात, हे कामातल्या माणसाला माहीत असतं. पांढरी बशी कुठेही सापडते, निळी पुष्कळ सापडते, काळा तुकडा मुद्दाम गोळा करून साठवावा लागतो. म्हणजे हे अंगण काळं करायचं त्याने बरंच आधी ठरवलं असणार आणि तुकडे वर्षानुवर्षं बाजूला टाकत गेला असणार. तो काळा रंग बघताना मला त्याच्या कामाबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो.

बागेत भिंतीवर त्याने मनाने उभारलेलं जेरुसलेम आहे, पुतळे आहेत, इमारतींच्या छोट्या प्रतिकृती आहेत, त्यात आयफेल टॉवरही आहे. निळं सिंहासन आहे, आणि शेवटी ‘आत्म्याची समाधी’, जिथे त्याचं काम पूर्णत्वाला पोचलं. या टोकाला येईपर्यंत निळा वाढत जातो. सकाळच्या खिडक्यांतला निळा इथे फुटक्या बशांमधून परत येतो. काचेतून उजेड आरपार येतो, चिनीमातीवरून तो परततो, त्यामुळे हा निळा थंड आणि ओलसर दिसतो. सासूबाईंना मी शक्यतो इथेच निवांत बसू देईन. घरात पायऱ्या-उंबरे, अरुंद वाटा आणि असमान जमीन आहे, पाऊस पडून गेला असेल तर तुकडे निसरडे होतात. रबरी तळाचे बूट आणि काठी दोन्ही असू द्या. बसण्याच्या जागेबद्दल तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारा. मढवलेल्या आसनांवर बसायचं नसतं.

ऊन असेल तर फोटोंत पांढरे चट्टे येतात, कारण झिलई आरशासारखी चमकते. ढगाळ दिवस मोझॅकला सगळ्यात चांगला. तुम्हाला कडक ऊन मिळालं तर सूर्याकडे पाठ न करता थोडं तिरपं उभं राहून काढा, आणि दर दहा दूरच्या फोटोंमागे एक तरी हातभर अंतरावरून काढा.

बाहेरच्या भागात काही ठिकाणी झिलई उडालेली, तुकडा अर्धा खपलेला, किंवा नव्याने बसवलेला दिसेल. ही दुर्लक्षाची खूण समजू नका. या भागात हिवाळ्यात पाणी गोठतं, आणि गोठताना पाणी साधारण 9 टक्के फुगतं. पोर्सिलेनचा तुकडा जवळपास पाणी पीत नाही, तो टिकतो. पण रोजच्या वापरातली स्वस्त मातीची झिलईदार बशी आतून सच्छिद्र असते. तिच्या फुटलेल्या कडेवर झिलई नसते, आणि मोझॅकमध्ये तीच कड सांध्यात असते. सांध्याला केसाएवढी भेग गेली की पाणी कडेने आत शिरतं, रात्री गोठतं आणि वरची झिलई पापुद्र्यासारखी उडवून टाकतं. पुतळ्यांना आणखी एक दुखणं, आतल्या लोखंडी सांगाड्याचं. तो गंजला की गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि सिमेंट आतून फाडतो. अशा कामाची दुरुस्ती करणं म्हणजे मोठा पेच असतो, कारण उडालेल्या जागी बसवायला तशीच, त्याच काळातली, तशाच रंगाची बशी फोडावी लागते. मी स्वतः अशा दुरुस्त्या करते आणि एका हातभर जागेसाठी आठवडा गेलेला आहे. म्हणून भिंतीला हात लावू नका, टेकू नका, मुलीलाही आधीच सांगून ठेवा. बोटांचा घाम आणि पाठीवरच्या पिशवीची बक्कल, दोन्हींनी कडा दुखावतात.

कुणी म्हणेल, आपल्याकडे चंदीगडला नेकचंद यांचं रॉक गार्डन आहेच, मग हे कशाला. नेकचंद यांनीही 1957 पासून टाकाऊ सामानातून गुपचूप बाग उभी केली, आणि 1976 मध्ये ती लोकांसाठी उघडली. दोघांची जातकुळी एकच, हे खरं. पण रॉक गार्डन हे पसरलेलं, मोकळं, फिरण्याचं ठिकाण आहे. इथे एका माणसाच्या घरात शिरायचं आहे, त्याच्या चुलीपर्यंत, त्याच्या बायकोच्या शिवणयंत्रापर्यंत. मला तरी अशी जागा दुसरी माहीत नाही. फ्रान्समध्येच ओतरीव्ह गावात शव्हाल नावाच्या पोस्टमनने 1879 ते 1912 अशी तेहेतीस वर्षं दगड गोळा करून बांधलेला महाल आहे, तोही जरूर पाहावा, पण तो पार दक्षिणेकडे आहे आणि तुमच्या आठ दिवसांत बसवायची ओढाताण करू नका. महालात कुणी राहत नव्हतं, हा फरकही मला महत्त्वाचा वाटतो.

तिकीट लहानसं आहे, सहलीच्या खर्चात जाणवणार नाही. आत माहितीपत्रक मिळालं तर घ्या, पण वाचायचं बागेत बसून, पाहून झाल्यावर. निघायच्या आधी एकदा परत स्वयंपाकघरात जा. पहिल्यांदा चुलीकडे पाहिलं होतंत तेव्हा आणि आता, तुमच्या नजरेत काय फरक पडलाय ते तिथेच कळेल. मी नंतरच्या दोन्ही फेऱ्यांत शेवटची दहा मिनिटं तिथेच घालवली आहेत, आणि तिसऱ्या वेळी चुलीच्या कडेला एक कपाच्या कानाचा तुकडा दिसला, जो आधी दोनदा समोर असून दिसला नव्हता.

एक शेवटचं. बागेतल्या वाटेवर कधीकधी सुटलेला तुकडा पडलेला असतो. आठवण म्हणून खिशात टाकायचा मोह होतो, आणि मुलं तर हमखास उचलतात. तो उचलू नका. जिथे पडलाय तिथेच असू द्या आणि दारावरच्या माणसाला बोट दाखवून सांगा. तुकडा कुठे पडला होता हे कळलं तर तो कुठून सुटला हे शोधता येतं, आणि तोच तुकडा त्याच जागी परत बसतो.